अडचणीच्या जागेतलं धोकादायक झाड उतरवताना या चुका टाळा

"साहेब, एक झाड तोडायचंय. किती घ्याल?"

मे महिना संपत आला की असे फोन सुरू होतात. मी उलट विचारतो, झाडाखाली काय काय आहे? पलीकडे जरा शांतता. मग एकेक बाहेर येतं. पार्किंगची शेड, मीटर रूम, शेजारच्या सोसायटीची भिंत, वॉचमनची केबिन, तळमजल्यावरच्यांनी हौसेनं लावलेली तुळस आणि पत्र्याचं छप्पर. तेव्हा मी सांगतो, हे झाड तोडायचं नाहीये, उतरवायचं आहे. माळावर झाड तोडतात. बुंध्याला खाच घातली, मागून काप दिला, झाड आडवं. मुंबईत चाळीस फुटी झाडाला आडवं व्हायला चाळीस फूट मोकळी जागा कुठली आणायची? म्हणून ते तुकड्या-तुकड्यानं, वरून खाली, दोरावरून उतरतं. या धंद्यात जितके अपघात मी पाहिले किंवा ऐकले, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली. कापायचा विचार झाला होता, तुकडा कुठे जाणार याचा झाला नव्हता.

"आमच्या कंपाउंडमधलं झाड, आम्ही बघून घेऊ"

झाड तुमच्या कंपाउंडमध्ये असलं तरी कायदा झाडासोबत असतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी जागेतल्या झाडालाही लागू आहे, आणि परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. अर्ज वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात जातो, माणूस येऊन झाड बघतो, मग ठरतं छाटणी की तोड. २०२१ च्या दुरुस्तीपासून ५० वर्षं आणि त्याहून जुनी झाडं हेरिटेज ट्री धरली जातात, त्यांची छाननी आणखी कडक. सोसायट्या पावसाळ्याआधी महापालिकेची छाटणीची नोटीस आली की जाग्या होतात. तेव्हा सगळ्या मुंबईचे अर्ज एकाच टेबलावर असतात. जानेवारीत अर्ज टाका, एप्रिलमध्ये काम करा.

अर्जात "झाड धोकादायक आहे" एवढंच लिहू नका. कुठली फांदी, कशावर, किती झुकलेली. बुंध्याजवळ जमीन उचलली गेली आहे का, नवी भेग दिसते का, हे फोटोंसकट लिहा. आणि झाड आत्ताच कलंडतंय, करकरतंय, मुळाकडची फरशी उचलतेय, तर अर्ज-बिर्ज सोडा. १९१६ वर महापालिकेला किंवा १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा, खालून माणसं आणि गाड्या हलवा. त्या अवस्थेतल्या झाडावर कोणालाही चढवू नका, पैसे दुप्पट देऊन तर नाहीच.

झुकलेलं म्हणजे पडणारं नव्हे

२०१८ च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्यातली कितीतरी वाकडी आहेत आणि वर्षानुवर्षं तशीच उभी आहेत. लहानपणापासून उजेडाकडे वाकलेलं झाड आपला तोल सांभाळून वाढतं. भीती असते ती काल सरळ असलेल्या आणि आज कललेल्या झाडाची. बुंध्याशी आळंबीची टणक, कंगोरेदार फळी फुटली असेल तर आत लाकूड कुजतंय. लाकडी हातोडीनं खोड ठोकत गोल फिरा, पोकळ भाग ढोलासारखा वाजतो. अर्थात पोकळ खोडाचं झाडही बाहेरची भिंत जाड असेल तर बरीच वर्षं टिकतं. तेव्हा नुसत्या आवाजावर फाशी देऊ नका, जाणत्या माणसाला दाखवा.

मुंबईत झाडं पाडणारी खरी गोष्ट बहुतेकदा जमिनीत सापडते. गटाराच्या, केबलच्या नाहीतर पेव्हर ब्लॉकच्या कामात मुळं तोडलेली असतात आणि बुंधा गळ्यापर्यंत काँक्रीटमध्ये चिणलेला असतो. मुळं तुटली ती दोन वर्षांपूर्वी, झाड पडतं यंदाच्या वाऱ्यात, आणि दोष जातो वाऱ्याला.

फक्त बाल्कनीकडची बाजू छाटणं

ही सोसायट्यांची लाडकी चूक. "आमच्या खिडकीत येतंय तेवढंच काढा." दरवर्षी इमारतीकडच्या फांद्या जातात, रस्त्याकडच्या वाढत राहतात. पाच-सहा वर्षांत सगळा भार एका अंगाला. मग हेच झाड "अचानक" रस्त्यावर पडतं. गुलमोहर यात पहिला: मुळं वरवरची, लाकूड ठिसूळ, आणि मे-जूनमध्ये फुलापानांनी लगडून पावसाचं पाणी अंगावर घेऊन उभा.

दोर, हिसका आणि झोका

इथे जरा थांबतो, कारण सगळं बिघडतं ते इथेच.

ओल्या लाकडाचं वजन लोकांना खरंच माहीत नसतं. दोन फूट जाड आणि एक मीटर लांब ओंडका घ्या. तो साधारण अडीचशे किलोचा भरतो. दोन स्कूटर एकत्र बांधून वर टांगल्यासारखं. तो कप्पीवरून टांगला की कप्पीच्या गाठीवर जवळजवळ दुप्पट ओढ येते, कारण एका बाजूला ओंडका आणि दुसऱ्या बाजूला तितक्याच जोरानं ओढणारा दोर. आता हा ओंडका कप्पीच्या वर असताना कापला, तो सुटून मीटरभर खाली आला आणि दोर एकदम ताठ झाला, तर जो हिसका बसतो तो वजनाच्या कितीतरी पट. दोर तुटत नाही तेव्हा कप्पी निसटते, कप्पी राहिली तर ज्या खोडाला ती बांधली तेच हलतं, आणि त्याच खोडाला आपला माणूस बांधलेला असतो.

म्हणून तीन गोष्टी. तुकडे लहान, मुकादम घड्याळ बघत असला तरी लहानच. जमेल तिथे कप्पी तुकड्याच्या वर. आणि खालचा दोर कधीही हातात धरायचा नाही. दुसऱ्या धड झाडाच्या बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन सोडायचा, म्हणजे घर्षण वजन पेलतं आणि माणूस फक्त वेग ठरवतो. चार जण "हेइस्सा" करत दोर धरून उभे असलेले दिसले की काम थांबवा. ओंडका सुटला तर पहिला सोडतो, दुसरा सोडतो आणि तिसऱ्याच्या तळव्याची साल जाते. दोर एका झटक्यात अडवायचाही नाही. थोडा पळू द्यायचा आणि हळूहळू थोपवायचा.

झोक्याचा धडा मी मुलुंडमध्ये शिकलो, आणि चूक माझीच होती. पर्जन्यवृक्षाची आडवी फांदी, मांडीएवढी जाड, इमारतीच्या दिशेनं पसरलेली. कप्पी मी मधल्या खोडावर बांधली, कारण तिथे बांधायला सोपं होतं. फांदी कापली गेली, दोरानं धरली, आणि घड्याळाच्या लंबकासारखी खोडाकडे आली. खोडाला थडकून परत फिरली ती थेट दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरात. ग्रिल आत वाकलं, एक्झॉस्ट फॅन ओट्यावर, आणि आतल्या आजी हातात लाटणं घेऊन फांदीकडे बघतायत. पोळी तव्यावर जळत होती. फांदीची पानं तव्याच्या वर हलत होती. आजी एवढंच म्हणाल्या, "अरे, बेल तरी वाजवायचीस." मी हसू शकलो नाही, कारण अर्ध्या मिनिटापूर्वी त्या खिडकीतून वाकून आमचं काम बघत होत्या.

तेव्हापासून दोन दोर. एक वजनाचा, दुसरा लगामाचा. लगाम फांदीच्या टोकाला बांधून खालचा माणूस तिला इमारतीपासून दूर ओढून ठेवतो. आणि ज्या बाजूला काम आहे तिकडच्या सगळ्या घरांत आधी स्वतः जाऊन सांगतो की खिडक्या बंद, त्या खोलीत कोणी नको. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेसेज आजी वाचत नाहीत.

आडव्या फांदीला पहिला काप खालून, तिच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. मग थोडं पुढे सरकून वरून. नाहीतर फांदी अर्धी कापली जाताच स्वतःच्या वजनानं चिरते आणि सालीसकट खोड सोलत खाली येते. फांदी आधीच भिंतीवर टेकलेली किंवा दुसऱ्या झाडात अडकलेली असेल तर ताण कुठे आणि दाब कुठे हे उलटं असतं. अशा वेळी करवत लावण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा.

ज्याच्यावर चढतोय ते झाड धड आहे का?

धोकादायक म्हणून जे झाड काढायचं, त्यालाच दोर बांधून त्यावरच माणूस चढवायचा, यातला विनोद कुणाच्या लक्षात येत नाही. बुंधा कुजलेला असेल तर माणूस झाडावर नको. गाडीवर बसवलेल्या हायड्रॉलिक पाळण्यातून काम करा. नारळाच्या बाबतीत तर हट्टानं. सोंड्या भुंगा नारळाचं खोड आतून पोखरतो आणि बाहेरून झाड चांगलं दिसत राहतं. खोडावर भोकं, त्यातून ओघळलेला तपकिरी चिकट रस, तंतूंचा चघळलेला भुसा दिसला की चढायचं नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून रस्त्यानं चाललेल्या बाईंचा मृत्यू झाला, तेव्हा महिनाभर सगळ्या सोसायट्या आपापल्या नारळांकडे मान वर करून बघत होत्या. नंतर पुन्हा सगळ्यांची नजर खाली.

चढणारा करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेला हवा, आणि त्यातला एक पट्टा करवतीनं सहजी कापला जाणार नाही असा, आत तारेची दोरी असलेला. चेनसॉ एका हातानं चालवणारा, शिडीवर उभा राहून कापणारा, खांद्याच्या वर करवत नेणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याला खाली बोलवा. त्याला राग येईल. येऊ दे.

क्रेन कुठे उभी करताय?

क्रेन आली की कमिटीला वाटतं आता काळजी मिटली. पण सोसायटीच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी असते, जुन्या इमारतींत सेप्टिक टँकही, आणि त्यांचे स्लॅब गाड्या सोसायला केलेले असतात, भारासकट क्रेन सोसायला नाही. टाकीच्या झाकणांवरून अंदाज बांधू नका. टाकी झाकणाच्या कुठल्या बाजूला पसरली आहे हे नकाशात बघा. नकाशा नसेल तर जुन्या प्लंबरला बोलवा, त्याला सगळं तोंडपाठ असतं. क्रेनच्या पायांखाली जाड फळ्या, आणि टाकीवर पाय नाही.

तारा

इंटरनेट आणि केबलच्या वायरी झाडावरून झाडावर नेलेल्या असतात. त्या तोडल्या तर शिव्या बसतात, जीव जात नाही. पण वायरींच्या त्या गुंत्यात विजेची एखादी तार कुठली आणि इंटरनेटची कुठली हे खालून कळत नाही. वीज कंपनीला लिहून पुरवठा बंद करून घ्या, माणूस येऊन खात्री करेपर्यंत करवत सुरू करू नका. "लाइट गेलेत, करून घ्या पटकन" हे सर्वांत वाईट वाक्य. गेलेले लाइट विचारून परत येत नाहीत.

मध्येच अडलं तर

करवत कापात अडकली: ओढाताण करू नका. इंजिन बंद, पाचर ठोकून काप उघडा, नाहीतर दुसऱ्या दोरानं फांदीचं वजन हलकं करा.

तुकडा दुसऱ्या झाडात अडकला: त्याच्याखाली कोणी जाऊ नये आणि त्याला आधार देणारी फांदी तर अजिबात कापू नये. लांबून, दोरानं काढा.

निम्मं काम झाल्यावर खोड पोकळ निघालं: माणूस खाली, पाळणा येईपर्यंत थांबा. त्या दिवसाचे पैसे गेले असं समजा.

घरटं किंवा मोहोळ दिसलं: पक्षी अंड्यांवर किंवा पिलांवर असेल तर थांबा, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आहे. बगळे पावसाळ्यात वसाहतीनं पर्जन्यवृक्षांवर घरटी करतात, म्हणूनही काम पावसाळ्याआधी हवं. आग्या मोहोळावर धूर करणारा उत्साही सभासद प्रत्येक सोसायटीत असतो, त्याला घरी बसवा.

पाऊस सुरू झाला: ओल्या सालीवर पाय घसरतो, दोर वेढ्यावर घसरतो. दुसरी भानगड नको, अर्धवट कापलेली फांदी तेवढी सुरक्षित उतरवा आणि बंद करा.

पैसे आणि कागद

तीन कोटेशनं आली की सर्वांत कमी आकडा निवडतात. आकडा कमी का, हे विचारा. बहुतेकदा त्यात दोन माणसं कमी, मजुरांचा विमा नाही आणि ओंडके उचलून नेणं नाही. वर्क ऑर्डरमध्ये वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसीची प्रत, नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, आणि लाकूड-पाला त्याच दिवशी उचलणार, हे लिहून घ्या. तोंडी "हो हो, सगळं करतो साहेब" याला कमिटी बदलली की किंमत राहत नाही.

शेवटचा बुंधा

झाड उतरलं, सगळे चहा प्यायले, आणि कोणीतरी म्हणतं, "मुळासकट काढून टाका." कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेला बुंधा जेसीबीनं उपटला तर भिंत सोबत येते. इमारतीलगत खणताना पिवळा गॅसचा पाइप, पाण्याची लाइन, ड्रेनेज यांपैकी काहीतरी मुळांनी कवेत घेतलेलं असतंच. मी बहुतेक वेळा बुंधा जमिनीलगत कापून ठेवतो आणि वर माती घालतो. पहिल्या पावसात वड-पिंपळाला कोंब फुटतात. ते दर महिन्याला काढत राहिलं की एक-दोन वर्षांत जोर संपतो. काढायचाच असेल तर हातानं, कुदळ-पहारीनं, आणि गॅस कंपनीचा माणूस समोर उभा करून.

पाल्याचा ढीग "उद्या उचलतो" म्हणून गेटजवळ ठेवलेला असतो. त्या रात्री पहिली सर येते, भुसा आणि पानं गटाराच्या जाळीवर बसतात, आणि सकाळी सेक्रेटरींचा फोन येतो की तळमजल्याच्या पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी आहे.