रन आउट फक्त क्रिकेटमधलं नाही, संपलेल्या सुरमईचं पण असतं

मालवण-तारकर्लीच्या बाजूला होमस्टे नाहीतर खानावळ चालवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, कारण संपलं हे सांगणारं हे इंग्रजी रन आउट दिवसातून दहा वेळा लागतं आणि आपण नेमकं तेच चुकवतो.

डिसेंबरात रात्री उशिरा आलेल्या परदेशी पाहुण्यांनी सुरमई मागितली आणि माझा भाचा म्हणाला, सुरमई इज रन आउट. कळलं त्यांना, पण क्षणभर विचार करावा लागला. चूक त्या इजमध्ये आहे. लहानपणापासून कॉमेंट्रीत आपण ही वॉज रन आउट ऐकत आलोय, तिथे ते बरोबरच आहे, कारण बॅट्समनला दुसऱ्या कोणीतरी आउट केलेलं असतं. सुरमई आपली आपणच संपते, म्हणून हॅज. द सुरमई हॅज रन आउट.

पण खरी गोची पुढे आहे. मराठीत आपण म्हणतो माझं पेट्रोल संपलं, म्हणजे वाक्य पेट्रोलचं. इंग्रजीत बहुतेक वेळा तेच वाक्य माणसाचं होतं, आय हॅव रन आउट ऑफ पेट्रोल. शब्दाला शब्द लावत बसलात तर डोकं फिरेल, एवढंच धरून ठेवा की वाक्य माणसापासून सुरू झालं आणि काय संपलं ते सांगायचं असलं की ऑफ हवाच, आणि वाक्य वस्तूपासून सुरू झालं की ऑफ नको. वी रन आउट सुरमई असं म्हणू नका.

काळ पण सांभाळा, रूपं रन, रॅन, रन अशी आहेत. आत्ता शिल्लक नाही तर हॅव रन आउट, काल रात्री संपलं तर वी रॅन आउट ऑफ राइस लास्ट नाइट. आणि संपत आलंय तर आर रनिंग आउट. हा फरक मे महिन्यात फार महत्त्वाचा, विहीर तळाला गेलेली असते तेव्हा वी आर रनिंग आउट ऑफ वॉटर म्हटलं की पाहुणे जपून वापरतात, हॅव रन आउट म्हणालात तर लगेच दुसरी रूम शोधायला लागतील बिचारे.

लायसन्स, परमिट, व्हिसा यांची मुदत संपली तरी रन आउटच चालतं, माय लायसन्स हॅज रन आउट. पण हापूसचा सीझन रन आउट होत नाही, तो इज ओव्हर, रन आउट होतात त्या पेट्या. आणि पुढे ऑन लागलं, ही रॅन आउट ऑन हिज फॅमिली, की अर्थच बदलतो, घरच्यांना वाऱ्यावर सोडून गेला.

बोलताना वी हॅवचं वीव्ह होतं, तेवढं तोंडात बसवा. भाच्याला मी आता पूर्ण वाक्यच पाठ करायला लावलंय: सॉरी, वीव्ह रन आउट ऑफ सुरमई, बट वी हॅव फ्रेश बांगडा.