‘७१ : इन्टू द फायर’ पाहण्याआधी आणि पाहताना

२०१० चा हा कोरियन युद्धपट साधारण दोन तासांचा आहे. नुसता लावला तरी समजतो. पण त्यातली ७१ विद्यार्थी सैनिक पोरं एका शाळेतच का थांबली, हे निसटतं. म्हणून आधी दहा मिनिटं नकाशाला द्या.

दक्षिण कोरियाच्या आग्नेय टोकाला बुसान शोधा. तिथून किनाऱ्याने उत्तरेला पोहांग, त्याच्याही वर योंगदोक. पश्चिमेला नाकदोंग नदी. उत्तर आणि दक्षिण कोरियाचं युद्ध २५ जून १९५० ला पेटलं, तीन दिवसांत दक्षिणेची राजधानी सोल पडली आणि ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या हातात हा कोपराच राहिला. बहुतेक फौज नाकदोंगच्या आघाडीवर गुंतली होती. पोहांगच्या मुलींच्या शाळेत तिसऱ्या डिव्हिजनचं पिछाडीचं मुख्यालय होतं. ते राखायला ७१ विद्यार्थी उरले. ११ ऑगस्टला पहाटेपासून सुमारे अकरा तास लढाई चालली आणि त्यांतले ४८ जण मारले गेले.

सबटायटलमधल्या ‘मिडल स्कूल’ला फसू नका. आपल्याला बारा-तेरा वर्षांची मुलं वाटतात, पण तेव्हा कोरियात मिडल स्कूल सहा वर्षांचं असे, म्हणजे वरच्या वर्गांतली मुलं सतरा-अठराची. पात्राने स्वतःचं वय सांगितलं तर त्यातून एक-दोन वर्षं वजा करा. जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरलं जाई आणि दर नववर्षाला त्याचं वय एकाने वाढे.

डब केलेली आवृत्ती टाळा. नेमलेला म्होरक्या ओ जांग-बॉम आणि त्याला न जुमानणारा कू काप-जो यांचं भांडण निम्मं बोलण्याच्या अरेतुरेत आहे. डबिंगमध्ये ते सपाट होतं.

बंदुकांकडे लक्ष ठेवा. एम-१ गॅरंड रायफल चार किलोंहून जड. आठ काडतुसांची क्लिप वरून अंगठ्याने दाबून भरायची. शेवटची गोळी सुटली की रिकामी क्लिप टणकन बाहेर उडते. भरताना अंगठा वेळेवर काढला नाही तर बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) त्याच्यावर आदळतो, आणि नवख्याचं हमखास हेच होतं. प्रत्येक झटापटीत आठ गोळ्या मोजून पाहा, कोण कधी रिकामा पडला ते कळतं.

इतिहास म्हणून काय घ्यायचं? उत्तरेचा कमांडर पार्क मू-रांग हुकूम मोडून पोहांगकडे वळतो, ही पटकथेची सोय. प्रत्यक्षात पूर्व किनाऱ्यावरून पोहांगवर चाल हा उत्तरेच्या मोहिमेचाच भाग होता. शेवटच्या भागातले स्फोटही बरेच फुगवलेले आहेत. आईला लिहिलेलं पत्र मात्र खरं: ली उ-गुन या विद्यार्थी सैनिकाचं, त्याच्या मृतदेहावर सापडलेलं. चित्रपटाने ते जांग-बॉमच्या तोंडी दिलं आहे. पत्राचे तुकडे येतात तेव्हा सबटायटल थांबवून नीट वाचा. सगळ्या चित्रपटात सरस तोच भाग आहे.

आवडला तर त्यानंतर ‘बॅटल ऑफ जांगसारी’ (२०१९) बघा, आधी नको. ती घटना महिन्याभरानंतरची, पोहांगच्या उत्तरेची: इंचॉनला समुद्रातून फौज उतरवायच्या बेतावरून शत्रूचं लक्ष हटवायला सप्टेंबरच्या मध्यात ७७२ विद्यार्थी सैनिकांना जहाजाने पाठवलं गेलं आणि वादळात ते जहाज किनाऱ्यालगत रुतलं.