पिकअपवर हलका पॉप-अप कॅम्पर बांधताय? या चुका टाळा

पॉप-अप कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवायची छोटी खोली; छत वर उचललं की त्याखाली कापडी भिंती उभ्या राहतात. माझ्या पहिल्या कॅम्परचं छत कागदावर एका हाताने उघडणार होतं. प्रत्यक्षात दोघं लागायचे, आणि थंडीत तर दोघांचीही दमछाक व्हायची. मधल्या काळात घडलं एवढंच, की छतावर सोलर पॅनेल आलं, मग पंखा आला, मग आतून अस्तर लागलं. प्रत्येक वेळी मी म्हणालो, "चार-पाच किलोच तर आहे." हे वाक्य तोंडातून निघालं की हातातलं काम खाली ठेवा आणि आधी वजनाची वही उघडा. पुढच्या निम्म्या भानगडींचं मूळ याच वाक्यात आहे.

आधी बांधायचं, मग वजन करायचं

माहितीपत्रकातली भारक्षमता बहुतेक वेळा साध्या मॉडेलची असते. तुमच्या गाडीला टो-हुक, लोखंडी बंपर, जाड टायर असं काही लागलं असेल, तर तेवढी क्षमता आधीच खर्च झालेली असते. म्हणून पहिला पत्रा कापण्याआधी टाकी भरून गाडी वजनकाट्यावर न्या. एकूण वजन घ्याच, पण पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वेगवेगळंही घ्या. कंपनीने दिलेल्या कमाल एकूण वजनातून हा आकडा वजा केला की उरतं ते तुमचं भांडवल.

समजा ७०० किलो उरले. दोन माणसांचे १५० गेले. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. लिथियम बॅटरी १२. कपडे, भांडी, खाणं, अवजारं, गॅस यांचे मिळून ११० धरा. राहिले ३६८. त्यातले ५० मी मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण सामान वाढतंच, कमी झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणजे अख्खा कॅम्पर सुमारे ३२० किलोत बसवायचा आहे. आता बर्चचा १२ मिमी प्लाय चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास भरतो. भिंती, पलंग, कपाटं मिळून २० चौरस मीटर सहज होतात. नुसत्या प्लायलाच १६० किलो गेले, आणि सांगाडा, कापड, काचा, गादी अजून बाकी आहेत! त्याऐवजी २५ मिमी फोमच्या दोन्ही बाजूंना हलक्या लाकडाचा ३ मिमी प्लाय चिकटवला, तर तीच भिंत चौरस मीटरला चार-साडेचार किलोत होते आणि ऊन-थंडीही अडवते.

वजन जास्त झालंय हे कळल्यावर बरेच जण जादा पाटे किंवा एअर बॅग बसवून मोकळे होतात. गाडीची मागची बाजू उचलली जाते, दिसायलाही बरं दिसतं. पण एक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात. क्षमता एका किलोनेही वाढत नाही.

स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट आभाळाकडे

एकूण वजन मर्यादेत आहे, तरी असं होतंय? मग वजन मागच्या एक्सलच्या मागे गेलंय. दोन एक्सलमधलं अंतर तीन मीटर असेल आणि ८० किलोची पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे ठेवली, तर पुढचा एक्सल सुमारे २७ किलोने हलका होतो आणि मागच्यावर ८० नाही, १०७ किलो येतात. पाणी, बॅटरी, गॅस असं सगळं जड सामान एक्सलच्या पुढे, केबिनच्या बाजूला आणि होईल तितकं खाली ठेवा. दाराजवळ स्वयंपाकाची जागा सोयीची वाटते, मलाही वाटली होती. तिथे शेगडी ठेवा, टाकी नको.

फोममध्ये स्क्रू

फोमच्या पॅनेलमध्ये स्क्रू धरत नाही. पहिल्याच खडबडीत रस्त्यावर कपाट बिजागऱ्यांसकट हातात येतं. जिथे काही अडकवायचं आहे तिथे पॅनेल बंद करण्याआधीच फोम कापून लाकडी ठोकळा किंवा अॅल्युमिनियमची नळी बसवा, आणि बंद करण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. वर्षभराने ठोकळा कुठे होता ते आठवत नाही. दुसरं म्हणजे पॉलिस्टायरिन फोमवर पॉलिएस्टर रेझिन कधीही ओतू नका. त्यातल्या स्टायरिनने फोम विरघळतो. त्यावर इपॉक्सीच चालतो. कॅनमधला डिंक वापरणार असाल तर आधी तुकड्यावर लावून पाहा.

छत: सगळ्यात जास्त वैताग इथेच

साधं गणित असं मांडलं जातं: छत ४० किलोचं, म्हणजे साधारण ४०० न्यूटन, म्हणून १०० न्यूटनचे चार गॅस स्ट्रट (गाडीच्या डिकीला असतात तशा, दाबलेल्या वायूने ढकलणाऱ्या नळ्या). इथेच फसगत होते. छत मिटलेलं असताना स्ट्रट जवळजवळ आडवे झोपलेले असतात. त्यांचा जोर बाजूला जातो, वर फार थोडा लागतो. म्हणून पहिले वीस-तीस सेंटिमीटर छत हटून बसतं आणि शेवटी मात्र झटका देऊन वर जातं. त्यात थंडी. आतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर उतरतो, २५ अंशांवरून शून्यावर आलात की जोर सुमारे ८ टक्के कमी होतो.

उपाय दोन. छत पूर्ण तयार झाल्यावर, पॅनेल-पंख्यासकट, चारही कोपऱ्यांखाली माणसांचं वजन करायचे काटे ठेवून त्याचं खरं वजन घ्या. (नुसतं १०० वॉटचं काचेचं पॅनेल सहा-आठ किलोचं असतं.) मग थोडे जास्त जोराचे, वायू सोडण्याचा व्हॉल्व्ह असलेले स्ट्रट घ्या आणि अगदी थोडा थोडा वायू सोडत जुळवा. सोडलेला वायू घरी परत भरता येत नाही, तेव्हा घाई नको. ब्रॅकेटला तीन-चार भोकं ठेवली तर कोनही बदलून बघता येतो. मिटलेल्या अवस्थेत स्ट्रटचा दांडा खालच्या बाजूला यायला हवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं.

उघडल्यावर छत वाऱ्याने डावी-उजवीकडे झुलत असेल, तर स्ट्रटला दोष देऊ नका. स्ट्रट फक्त ढकलतो, काटकोन राखत नाही. पुढे आणि मागे मधोमध दुमडणारी, बिजागऱ्यांची कडक फळी लावा. छत उघडून दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले पाहिजेत.

कापड चिमटतंय

छत खाली घेताना आतली हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर कापड फुग्यासारखं बाहेर येतं आणि कडेत सापडतं. एक खिडकी उघडी ठेवा, आणि कापडाच्या मध्यावर बाहेरून चारही बाजूंनी इलॅस्टिकची दोरी फिरवा. ती कापड आत ओढते. ओलं कापड मिटून आणावंच लागलं, तर त्याच दिवशी पुन्हा उघडून वाळवा. बुरशीचे काळे डाग एकदा पडले की जात नाहीत.

पाणी गळतंय की घाम सुटलाय?

सकाळी गादीखाली ओल दिसली की लोक सीलंटची नळी घेऊन छतावर चढतात. पाऊस नव्हता ना? मग ती गळती नाही. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा-पाऊण लिटर पाणी सोडतात, आणि ते उघड्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर जाऊन जमतं. शेगडी पेटवून ऊब घ्यायला गेलात तर आणखी भर पडते: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच, तेव्हा शेगडी ऊब घ्यायला नाही. खाली एक आणि वर एक झडप उघडी ठेवा, गादीखाली हवा खेळेल अशा लाकडी पट्ट्या घाला, धातूवर फोमची पट्टी चिकटवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच.

खरोखरच गळत असेल तर पाइपने पाणी मारा, पण खालून सुरुवात करून वर जा आणि प्रत्येक पट्ट्याला पाच मिनिटं द्या. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून शिरलं ते कधीच कळणार नाही. खिडक्यांच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरा, दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा आवळा. सिलिकॉन लावू नका, त्यावर नंतर ना रंग धरतो ना दुसरं सीलंट.

फ्रिज रात्री बंद पडतो

बहुधा बॅटरी ठीक असते, वायर बारीक असते. पाच मीटर लांब, २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीतून १० अँपिअर गेले तर जाऊन-येऊन सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच संपतात. फ्रिजला कमी व्होल्टेज दिसतं आणि तो स्वतःला बंद करतो. वायर ६ चौरस मिमीची घ्या. फ्यूज मात्र बॅटरीजवळच. आणि तापमान शून्य अंशाखाली असताना लिथियम बॅटरी चार्ज करू नका.

हौद्यात बसवताना

केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात, खड्ड्यात तर स्पष्ट दिसतं. कॅम्परचा पुढचा भाग केबिनवर येत असेल तर पाच-सात सेंटिमीटर मोकळे सोडा, नाहीतर छताचा पत्रा घासून चमकायला लागेल. खाली रबरी मॅट घाला आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून टर्नबकल (कॅम्पर हौद्याला ताणून बांधणारे, फिरवून आवळायचे स्क्रू) आवळा. ते सैल झालेले असतातच. निघण्याआधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. केबिनच्या मागच्या काचेवरचा ब्रेक लाइट कॅम्परने झाकलेला असतो. माझ्या हे लक्षात आलं ते तीन आठवड्यांनी.