एनबीआयचं बटण दाबण्याआधी

एंडोस्कोपी शिकायला नव्याने येणारे पहिल्याच आठवड्यात एनबीआयबद्दल (नॅरो बँड इमेजिंग, म्हणजे ठरावीक रंगांच्याच प्रकाशात पाहण्याचं तंत्र) विचारतात. उत्सुकता रास्तच आहे, पण मी त्यांना आधी धुवायला लावते. म्यूकोसावर, म्हणजे आतल्या अस्तरावर, फेस किंवा चिकट थर राहिला असेल तर कुठलंच तंत्र कामाला येत नाही. सिमेथिकोनच्या पाण्याने फेस घालवा, साचलेलं ओढून घ्या, हवा भरून घड्या उलगडा आणि साध्या पांढऱ्या प्रकाशात सावकाश पाहा. किंचित लालसर डाग, मध्येच तुटलेली रक्तवाहिन्यांची जाळी... संशय इथेच यायला हवा.

मग एनबीआय. त्यात ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश वापरतात. हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, म्हणून वरच्या केशवाहिन्या तपकिरी आणि खोलातल्या शिरा हिरवट-निळ्या दिसतात. नवखे एका ठिकाणी हमखास गोंधळतात: या प्रकाशात पित्त लाल दिसतं, रक्त आल्यासारखं. शंका आली की पांढऱ्या प्रकाशात परत या.

मोठ्या आतड्यातल्या पॉलिपसाठी (अस्तरावर वाढलेल्या गाठीसाठी) सुरुवात नाइस वर्गीकरणाने करा. त्याला मॅग्निफिकेशन लागत नाही. रंग, रक्तवाहिन्या आणि पृष्ठभागाची नक्षी, एवढंच बघायचं. पॉलिप आजूबाजूपेक्षा तपकिरी आणि पांढरट नक्षीला तपकिरी वाहिन्यांची किनार असेल तर टाइप २, बहुधा अडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ. वाहिन्या तुटलेल्या किंवा गायब, नक्षी पुसलेली, तर टाइप ३. तिथे खोलवर शिरलेल्या कॅन्सरचा संशय धरा. स्नेअर (पॉलिप कापायचा तारेचा फास) उचलू नका, सीनियरना बोलवा. जेनेट आणि कुडो ही अधिक बारकाईची वर्गीकरणं नंतर शिकता येतात.

रंग फवारायची जुनी पद्धतही मला फार मोलाची वाटते. अन्ननलिकेत ल्युगॉल आयोडीन फवारलं की निरोगी पेशींतल्या ग्लायकोजेनमुळे अस्तर गडद तपकिरी होतं. संशयास्पद भाग रंग घेत नाही. काही मिनिटांत तो गुलाबी झाला, तर बायोप्सी तिथूनच घ्या. आयोडीनच्या अ‍ॅलर्जीबद्दल मात्र आधीच विचारून घ्या. कन्फोकलच्या (आतल्या आत पेशी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शक तंत्राच्या) मागे सुरुवातीला धावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि प्रत्येक पॉलिपचे दोन्ही प्रकाशांतले फोटो काढून, रिपोर्ट यायच्या आधी आपला अंदाज लिहून ठेवा. जिथे तो जुळणार नाही, ते फोटो घेऊन पॅथॉलॉजिस्टकडे जा, शेजारी बसून स्लाइड पाहा. कधी नक्षी वाचण्यात गफलत झालेली असते, कधी बायोप्सीचा तुकडाच भलत्या जागेवरून आलेला असतो.