शुद्धलेखनाचं अ‍ॅप वर्गात वापरताना

अ‍ॅपवर १० पैकी १० मिळवणारं मूल वहीत ‘फूलाला’ लिहितं. बहुतेक अ‍ॅप सुटा शब्द विचारतात. प्रत्यय लागला की ‘फूल’मधला दीर्घ ऊ ह्रस्व होतो, हे तिथे येतच नाही. ‘गीत’ मात्र तत्सम, म्हणजे संस्कृतमधून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून ‘गीताला’च. हा फरक फळ्यावरच समजावावा लागतो. शिवाय चार पर्यायांतून ओळखणं वेगळं, आठवून लिहिणं फार वेगळं.

कीबोर्डच्या सेटिंगमधल्या शब्दसूचना आधी बंद करा, नाहीतर दोन अक्षरांतच अख्खा शब्द समोर येतो. अ‍ॅप १० मिनिटं पुरे. मग त्यातलेच पाच शब्द वाक्यांत घालून श्रुतलेखन घ्या: मुलाने, किडीमुळे, सुनेला. चूक मुलानेच शोधून खोडावी. दोन दिवसांनी तेच शब्द क्रम बदलून पुन्हा घ्या.