थंडरबर्डचा इनबॉक्स करप्ट होऊ नये म्हणून काय करायचं

थंडरबर्ड म्हणजे कॉम्प्युटरवर मेल वाचायचा प्रोग्रॅम. त्यात इनबॉक्स म्हणून जो फोल्डर दिसतो ना, तो मुळात फोल्डर नाहीचे. ती एकच लांबलचक फाईल आहे, एमबॉक्स फॉरमॅटमधली, आणि आलेले सगळे मेल अटॅचमेंटसकट तिच्यात एकाखाली एक जोडलेले असतात. शेजारी त्याच नावाची एमएसएफ एक्स्टेन्शनची छोटी फाईल असते, ती नुसती अनुक्रमणिका. मेल डिलीट केला तरी तो मोठ्या फाईलमधून जात नाही, त्याच्यावर फक्त खूण होते, आणि फोल्डर कॉम्पॅक्ट केला की मगच जागा खरी मोकळी होते. म्हणून कधी कधी इनबॉक्समध्ये चाळीसच मेल दिसतात आणि फाईल मात्र 3 जीबीची निघते.

माझे मामा लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न्स भरून देतात. ऐन जुलैत एका सकाळी त्यांचा इनबॉक्स पूर्ण रिकामा, आणि अकाउंट पॉपचं, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं, आणि त्यांनी सर्व्हरवर काही ठेवलेलंच नाही, सगळे फॉर्म सोळा, बँक स्टेटमेंट्स त्याच एका फाईलमध्ये. मामांचा आवाजच फुटेना. झालं असं होतं की अँटीव्हायरसला एका अटॅचमेंटमध्ये व्हायरस सापडला आणि त्याने तो मेल न उचलता अख्खी इनबॉक्स फाईलच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाईली वेगळ्या कोंडून ठेवायच्या जागेत टाकली, कारण त्याला ती एकच फाईल दिसते. आम्ही थंडरबर्ड बंद केलं, नव्याने तयार झालेल्या इनबॉक्स फाईलचं नाव बदललं, जुनी क्वारंटाइनमधून रिस्टोअर केली, तिची एमएसएफ डिलीट केली आणि परत उघडलं. मेल आले, पण तो तासभर मी विसरणार नाही.

म्हणून पहिलं काम हेच करा. हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर (थंडरबर्डच्या सगळ्या मेल फाईली याच फोल्डरमध्ये असतात) ओपन फोल्डरचं बटन आहे, त्या फोल्डरचा पत्ता अँटीव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे न तपासायच्या जागांच्या यादीत टाका. शिवाय थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत, येणारे मेल एकेक करून क्वारंटाइन करू देण्याचा एक चेकबॉक्स आहे, तोही ऑन ठेवा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, इनबॉक्सला माळा करू नका. प्रत्येक नवीन मेल त्या फाईलमध्ये लिहिला जातो, म्हणजे दिवसभर सगळ्यात जास्त उघडझाप तिचीच, धोका पण तिलाच. क्लायंटनुसार, वर्षानुसार फोल्डर करा आणि काम झालं की मेल तिकडे हलवा. हलवल्यावर फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट. कॉम्पॅक्ट चालू असताना हात लावायचा नाही, त्या वेळी मेलची नवीन कॉपी लिहिली जात असते, त्यामुळे डिस्कवर निदान त्या फोल्डरएवढी तरी मोकळी जागा पाहिजे, आणि लाईट जायची भीती असेल तर यूपीएस नसलेल्या मशीनवर हे काम पावसाळी संध्याकाळी काढू नका.

प्रोफाइल फोल्डर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका, थंडरबर्ड लिहीत असतानाच सिंकवाला पण फाईल धरतो. पेनड्राइव्हवर ठेवत असाल तर फॅट 32 मध्ये 4 जीबीच्या वर फाईल जातच नाही हे लक्षात असू द्या. आणि मशीन बंद करायच्या आधी थंडरबर्ड स्वतः बंद करा.

बॅकअप म्हणजे थंडरबर्ड बंद करून अख्खा प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचा, बस. पॉपवाल्यांनी आठवड्याला कराच. आयमॅपवाल्यांचे मेल सर्व्हरवर असतात, तरी लोकल फोल्डर्समध्ये, म्हणजे फक्त आपल्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डर्समध्ये हलवलेले तिथे नसतात, ते विसरू नका.

एवढं करूनही विषय एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा असं दिसायला लागलं, तर बहुतेक वेळा अनुक्रमणिकाच बिघडलेली असते. घाबरून कॉम्पॅक्ट दाबू नका. थंडरबर्ड बंद करून आधी ती मोठी फाईल दुसरीकडे कॉपी करा, मग उघडून फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डर दाबा.