पऱ्हाटीच्या काडीवर कागदाचा पळस: घरातल्या आजी-आजोबांसाठी सोपं हातकाम

कागदाची फुलं म्हटलं की सगळे आधी गुलाबाच्या मागे लागतात आणि तिथंच गाडी अडते. गुलाबाला पंधरा-वीस पाकळ्या, प्रत्येकीचा काठ वळवायचा, वरून एकीत एक बसवायच्या, आणि सत्तरी ओलांडलेली बोटं तिसऱ्या-चौथ्या पाकळीलाच थकतात, मग "माले काय जमस हाई?" म्हणत कात्री बाजूला पडते ती पडतेच. त्यापेक्षा पळस करा. फाल्गुनात भोंगऱ्या बाजार, म्हणजे होळीच्या आधीचे आदिवासींचे बाजार, भरायला लागले की चोपडा, यावल, शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला जो केशरी फुलोरा दिसतो तोच.

पळस फुलतो तेव्हा झाडावर पान जवळजवळ नसतंच, म्हणजे पानं कापायचं काम गेलं. पाकळ्या पाच, त्यातल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारख्या झालेल्या, म्हणजे आपल्याला तुकडे कापायचे चारच. आणि फूल मुळातच वाकडं असतं, त्यामुळे हात थरथरून कात्री इकडेतिकडे गेली तरी काही बिघडत नाही, उलट सगळ्या पाकळ्या एकसारख्या कापल्या तर तो पळस खोटा वाटतो.

काडी तर फुकटच. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या राहतात, त्यातली एखादी हात-दीड हात लांब, दोन-तीन फाटे असलेली वाळकी फांदी बघून घ्या. तिच्यावर अडकलेली बोंडं मात्र घराबाहेरच तोडून टाका, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून बसते. मग दोन दिवस कडक उन्हात ठेवा, ओल्या फडक्याने पुसा, टोकं सँडपेपरने किंवा जुन्या कानशीने घासून बोथट करा. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, जरासं खरचटलं तरी रक्त येतं, म्हणून घासायचं काम घरातल्या तरुणाने करून द्यावं.

सामान काय लागेल

स्टेशनरीच्या दुकानात क्रेप पेपर मागा, गडद केशरी एक घडी आणि काळपट चॉकलेटी एक घडी, दहा-बारा फुलांना आरामात पुरतं. पतंगाचा कागद नको, तो ताणला की फाटतो. बाकी फेव्हिकॉल, थोडा कापूस, शिवणाचा दोरा, आणि साचे कापायला जुनी लग्नपत्रिका, तिचा पुठ्ठा एकदम बरोबर जाडीचा असतो. कात्री मोठ्या कड्यांची घ्या, कडी बोटांना रुतत असेल तर तिच्यावर सुती चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधा. संधिवात असेल तर आपोआप उघडणारी स्प्रिंगवाली कात्री मिळते ती बेस्ट, अंगठ्याला निम्मं काम कमी होतं.

बसायचं खुर्चीवर, समोर टेबल, कोपर आणि मनगट दोन्ही टेबलावर टेकलेले. हात थरथरत असेल तर याने खूप फरक पडतो, अधांतरी हाताने कापू नका. टेबलावर पांढरा किंवा फिका कपडा अंथरा म्हणजे केशरी तुकडे नीट दिसतात, आणि रंगीबेरंगी फुलाफुलांची चादर बिलकुल नको, नजर कमी झालेल्या माणसाला त्यावर टाकलेली पाकळी सापडत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा.

आणि कूलर. आपल्याकडे खानदेशात मार्च संपता संपता पारा चाळीशीला टेकतो, कूलरशिवाय बसवत नाही हे मान्य, पण कूलरच्या झोतात पाकळ्या उडतात ते एक, आणि त्या दमट हवेने क्रेप मऊ पडतो, त्याचा ताण निघून जातो. म्हणून हे काम सकाळी दहा-साडेदहाच्या आत उरकायचं, पंखा एकवर, पाकळ्यांवर वाटी पालथी. फेव्हिकॉलसुद्धा उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पटकन साय धरतो म्हणून बाटलीच्या झाकणात थोडा-थोडाच काढा आणि काडीने लावा.

साचे आणि कापणं

पत्रिकेच्या पुठ्ठ्यावर तीन साचे काढा. पहिली मागची मोठी पाकळी, ६ सेमी लांब, ३ सेमी रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. दुसरी बाजूची, ५ सेमी लांब, दीड सेमी रुंद, कोयत्यासारखी जराशी वाकलेली, ही प्रत्येक फुलाला दोन लागतात. तिसरी चोच: कागद लांबीत दुमडून त्यावर ६ सेमीचा चंद्रकोरीसारखा आकार काढायचा आणि कापताना कोरीची बाहेरची फुगीर बाजू घडीवर येईल असं ठेवायचं, म्हणजे तिकडून दोन्ही थर जोडलेले राहतात. खरं फूल यापेक्षा थोडं लहान असतं, पण मोठं पकडायला सोपं.

आता इथे एक गोष्ट नीट बघा, कारण सगळं फूल यावर आहे. क्रेप पेपर जवळ घेतला तर त्यावर बारीक-बारीक चुण्यांच्या रेघा दिसतात. त्या रेघा पाकळीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे बुडापासून टोकाकडे गेल्या पाहिजेत. क्रेप ताणला जातो तो रेघांना आडवा, चुण्या उलगडतात म्हणून. पाकळी दोन्ही अंगठ्यांत धरून मधोमध हलकेच बाजूला ताणली की तिला पोट येतं, काठ तसेच राहतात, आणि सपाट कागदाची एकदम खोलगट पाकळी होते. रेघा आडव्या आल्या तर कितीही ताणा, पाकळी नुसती लांब होत जाते आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ज्यांना डोळ्यांनी रेघा दिसत नाहीत त्यांनी बोट फिरवून बघावं, आडवं फिरवलं की खरखर लागते. पोळी-भाकरीत आयुष्य गेलेल्या बायकांना हे ताणायचं काम लगेच येतं, किती दाबायचं ते सांगावं लागत नाही.

फूल जोडायचं

१. चोचीच्या तुकड्याला आत वाटाण्याएवढा कापूस ठेवा, उघड्या काठाला फेव्हिकॉलची बारीक रेघ देऊन दाबा. टोक बोटाने वर वळवा.

२. चोचीच्या दोन्ही अंगांना बाजूच्या पाकळ्या. गोंद फक्त खालच्या एक सेंटीमीटरला, वर लावायचा नाही, नाहीतर सगळं एकमेकांना चिकटून गोळा होतो.

३. मोठी पाकळी चोचीच्या आतल्या, वाकलेल्या बाजूकडून लावा आणि टोक मागे ताणून द्या. चोच एकीकडे, ही पाठ टाकून दुसरीकडे, खऱ्या पळसाचा हाच थाट असतो.

४. चॉकलेटी क्रेपची दीड सेमी रुंद पट्टी बुडाशी दोन वेढे गुंडाळा आणि खालून पीळ द्या. ही झाली वाटी. पळसाची ही वाटी मखमली काळपट असते, तिच्यामुळेच केशरी रंग उठतो, म्हणून हिरवी पट्टी घरात आहे म्हणून तीच वापरू असं करू नका.

५. थोड्या कळ्या हव्यातच. हरभऱ्याएवढा कापूस चॉकलेटी कागदात घेऊन दोऱ्याने बांधला की झाली कळी. ज्यांना कात्री द्यायची नाही त्यांना हे काम द्या. घरात विसरभोळेपणा वाढलेलं कुणी असेल तर त्यांनी नुसत्या कळ्या वळल्या तरी तासभर छान जातो, फक्त ओल्या हाताला क्रेपचा रंग लागतो आणि तो हात तोंडाकडे जाऊ नये एवढं लक्ष ठेवा.

फांदीवर बांधताना फुलं खाली आणि कळ्या शेंड्याकडे, कारण पळसाचा घोस खालून उमलत जातो. तीन-चार फुलं एकत्र, मग थोडी मोकळी काडी, मग परत घोस. चॉकलेटी पट्टी जराशी ताणत, तिरकी गुंडाळत गेलं की दोराही झाकला जातो. सगळी फांदी भरून टाकायची हौस आवरा, मोकळी काडी दिसली तरच पळस दिसतो.

एका बैठकीत दोन फुलं भरपूर झाली. वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचं, बोटं उघड-मीट करायची, पाणी प्यायचं. बोटांचे सांधे सुजलेले, गरम लागत असतील त्या दिवशी काम बंद.

आखाजीला बहावा

पळसावर हात बसला की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गौराईसाठी बहाव्याचं झुंबर करा, तेव्हा खरा बहावाही फुललेला असतो. पिवळ्या क्रेपचे ५ सेमीचे गोल कापा, काठाला पाच ठिकाणी अर्ध्यापर्यंत चिरा द्या, प्रत्येक पाकळी अंगठ्याने ताणा, मधे चिमूट घेऊन खालून पीळ द्या. मग सुई-दोऱ्यात एक फूल, एक गाठ, असं ओवत जायचं, वर फुलं दाट आणि खाली विरळ, अगदी खालच्या टोकाला कापसाच्या पिवळ्या कळ्या. गजरे करायची सवय असलेल्या आजींना हे पळसापेक्षाही सोपं जातं, सुई ओवून मात्र कुणीतरी द्यावी लागते, तेवढ्यासाठी नातवंडाला जवळ बसवा. असे सहा-सात सर बांगडीला बांधून झोक्याच्या कडीजवळ टांगता येतात, पण झोका घेणाऱ्याच्या डोक्याला लागणार नाहीत इतके उंच ठेवा. माहेरपणाला आलेल्या पोरींना एकेक सर बांधून द्यायलाही बरे.

फुलं खिडकीच्या उन्हात ठेवली तर केशरी रंग महिन्या-दीड महिन्यात फिका पडतो, तेव्हा आतल्या भिंतीला लावा. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकायची, ओलं फडकं अजिबात लावू नका. पावसाळा लागायच्या आधी चपलेच्या खोक्यात भरून ठेवा, बरोबर कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला टाका म्हणजे कसर लागत नाही, पाला अर्धवट ओला असला तर मात्र कागदाला डाग पडतात.